‘टाइम सिरीज मोमेंटम’: गाजलेला पेपर वाचताना विचारायचा एक प्रश्न

पेट किंवा नेट झाली, गाईड मिळाले, की पहिलं काम बहुतेकांना एकच मिळतं: “हे पाच पेपर वाचून ये.” आपण वाचतो आणि प्रत्येकाचा एका पानाचा सारांश लिहून नेतो. मग गाईड विचारतात, “बरं, तुला पटलं का?” इथे गाडी अडते. एमएस्सीपर्यंत पटलं की नाही हे कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आज एकच पेपर घेऊ आणि तो तपासत वाचू. विषय आहे ट्रेंड फॉलोइंग, म्हणजे वर चाललेलं विकत घ्यायचं, खाली चाललेलं विकायचं, आणि हे सगळं आधी ठरवलेल्या नियमाने करायचं. तुमचा विषय बॉटनी असला तरी वाचा, कारण प्रश्न तुमच्याही कामाचा आहे.

हाच विषय निवडायला आणखी एक कारण आहे. डहाणू-विरार लोकलमध्ये मोबाइलवर कँडल उघडून बसलेली मुलं तुम्हीही पाहिली असतील. सप्टेंबर 2024 मध्ये सेबीने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या 1 कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले आणि सरासरी तोटा माणशी सुमारे 2 लाख रुपये होता. 2023-24 मधल्या ट्रेडरपैकी 43 टक्के जण तिशीच्या आतले होते, आणि 75 टक्क्यांहून जास्त लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न 5 लाखांच्या आत असल्याचं सांगितलं होतं. यातल्या कितीतरी जणांना कुणीतरी “बॅकटेस्ट केलेली” स्ट्रॅटेजी विकलेली असते. चांगला बॅकटेस्ट आणि चांगला पुरावा यांतला फरक ओळखता येणं ही आपल्या भागातली गरजेची गोष्ट आहे.

पेपर काय म्हणतो

पेपरचं नाव ‘टाइम सिरीज मोमेंटम’. लेखक टोबियास मॉस्कोविट्झ, याओ हुआ ऊई आणि लासे पेडरसन. 2012 मध्ये तो ‘जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स’मध्ये आला. लेखकांचा एक्यूआर या गुंतवणूक संस्थेशी संबंध आहे आणि ही संस्था अशा स्ट्रॅटेजी प्रत्यक्ष चालवते. त्यामुळे पेपर खोटा ठरत नाही, पण वाचताना हे माहीत असलेलं बरं.

त्यांनी 58 बाजार घेतले: 24 कमोडिटी, 12 चलनजोड्या, 9 शेअर निर्देशांक आणि 13 सरकारी रोख्यांचे फ्युचर्स. शेअर निर्देशांक सगळे विकसित देशांचे आहेत, भारताचा एकही नाही. आपल्याकडे निर्देशांकाचे फ्युचर्स सुरू झाले तेच मुळी जून 2000 मध्ये.

नियम अगदी सोपा आहे. मागच्या 12 महिन्यांत बाजार वर गेला असेल तर पुढचा महिना खरेदी, खाली गेला असेल तर विक्री. 1985 ते 2009 या काळात सगळ्या 58 बाजारांत या नियमाने सरासरी नफा दाखवला. 2008 च्या शेवटी जगभर पडझड चालू असतानाही ही स्ट्रॅटेजी कमावत होती.

58 पैकी 58! हे वाचून कुणीही म्हणेल, पटलं.

आता थांबा. पेपरमध्ये दोन दावे आहेत आणि ते एकमेकांना चिकटून येतात. पहिला दावा: ही स्ट्रॅटेजी पैसे कमावते. दुसरा दावा: ती कमावते कारण मागचे 12 महिने पुढच्या महिन्याचा अंदाज देतात. पहिला खरा असूनही दुसरा कच्चा असू शकतो. दोन्ही वेगळे करायचे तर एकच प्रश्न विचारावा लागतो: कशाच्या तुलनेत?

पहिली तपासणी: पोझिशनचं आकारमान

पेपरमध्ये प्रत्येक बाजारात सारखे पैसे लावलेले नाहीत. ज्या बाजारात चढउतार कमी तिथे पोझिशन मोठी, चढउतार जास्त तिथे लहान. सूत्र असं: 40 टक्के भागिले त्या बाजाराचा वार्षिक चढउतार. समजा कच्च्या तेलाचा चढउतार 40 टक्के आहे, तर पोझिशन 1 पट. एखाद्या रोख्याचा 5 टक्के असेल तर 8 पट.

हे करणं चूक नाही, सगळ्या बाजारांची जोखीम एका पातळीवर आणायची ही नेहमीची रीत आहे. पण मग तुलनाही तशीच हवी. स्ट्रॅटेजीला ही पट लावायची आणि नुसतं “घेऊन ठेवा” या साध्या पर्यायाला लावायची नाही, असं केलं तर नफा ट्रेंडमुळे झाला की पट लावल्यामुळे, हे कळणार कसं? 2016 मध्ये किम, त्से आणि वाल्ड यांनी नेमकं हेच तपासलं. पट काढून टाकल्यावर ट्रेंडची स्ट्रॅटेजी आणि घेऊन ठेवणं यांचा एकूण परतावा जवळपास सारखा निघाला.

यात मी एक गोष्ट जोडेन. 1985 च्या सुरुवातीला अमेरिकेच्या 10 वर्षांच्या सरकारी रोख्याचा व्याजदर 11 टक्क्यांच्या वर होता. 2009 च्या अखेरीस तो 4 टक्क्यांच्या खाली होता. व्याजदर पडतो तेव्हा रोख्याची किंमत चढते. म्हणजे ज्या बाजारात सगळ्यात मोठी पट लागली, तोच 25 वर्षं बहुतेक काळ चढत होता. तिथे खरेदीच्या बाजूला राहायला फार हुशार नियम लागत नव्हता.

दुसरी तपासणी: सगळा डेटा एकत्र केल्यावर

पेपरमधला मुख्य संख्याशास्त्रीय पुरावा म्हणजे सगळ्या बाजारांचे सगळे महिने एका ठिकाणी ओतून काढलेलं रिग्रेशन. त्यात टी-मूल्य मोठं येतं. 2020 मध्ये हुआंग, ली, वांग आणि झोऊ यांनी त्याच जर्नलमध्ये शीर्षकातच विचारलं की टाइम सिरीज मोमेंटम खरंच आहे का.

त्यांचा आक्षेप समजायला घोलवडच्या चिकूच्या वाडीत जाऊ. समजा वाडीत 50 झाडं आहेत. काही जुनी, डेरेदार, दरवर्षी भरपूर फळ देणारी. काही कोवळी, दरवर्षी थोडंच देणारी. आता सगळ्या झाडांची सगळी वर्षं एकत्र करा आणि यंदाचं फळ मागच्या वर्षीच्या फळावर रिग्रेस करा. नातं झकास दिसेल, कारण मोठ्या झाडाचे दोन्ही आकडे मोठे आणि छोट्याचे दोन्ही छोटे. पण एकच झाड घेऊन विचारा, “मागच्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त आलं, तर यंदाही जास्त येईल का?” याबद्दल त्या रिग्रेशनने काहीच सांगितलेलं नाही. त्याने फक्त मोठं झाड आणि छोटं झाड ओळखलं.

बाजारांचंही असंच. ज्याचा दीर्घ सरासरी परतावा जास्त, त्याचे मागचे 12 महिनेही चांगले आणि पुढचा महिनाही सरासरीने चांगला. हुआंग आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक बाजार वेगळा तपासला तेव्हा अंदाजक्षमतेचा पुरावा फारच थोडा मिळाला. मग त्यांनी बूटस्ट्रॅप केलं, म्हणजे अंदाजक्षमता मुळात नाही असं धरून कृत्रिम डेटा पुन्हा पुन्हा तयार केला आणि प्रत्येक वेळी एकत्रित टी-मूल्य काढलं. नुसत्या योगायोगाने मूल्य किती मोठं येऊ शकतं याची मर्यादा त्यातून मिळाली. मूळ पेपरचं टी-मूल्य त्या मर्यादेच्या आतच होतं.

टी-मूल्य फसवं होण्याचं आणखी एक कारण आपल्या भागाला जवळचं आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के जाणवू लागले. ते झुंडीने येतात. एका रात्री पाच धक्के बसले तर ते पाच स्वतंत्र पुरावे धरता येत नाहीत, कारण त्यांच्यामागे एकच हालचाल असते. ऑक्टोबर 2008 मध्ये जगभरचे शेअर, तेल, तांबं एकदम पडले. तेव्हाच्या 58 नोंदी म्हणजे 58 स्वतंत्र नोंदी नव्हेत. त्या स्वतंत्र धरल्या तर आत्मविश्वास फुगतो.

तिसरी तपासणी: किती नियम करून पाहिले?

ही या पेपरपुरती नाही, ट्रेंडवरच्या सगळ्याच संशोधनाची आहे. 1999 मध्ये सुलिव्हन, टिमरमन आणि व्हाइट यांनी डाऊ जोन्सच्या 100 वर्षांच्या डेटावर 7,846 ट्रेडिंग नियम तपासले. इतके नियम तपासले की एखादा नुसत्या नशिबानेही चमकणारच, म्हणून त्यांनी सगळ्यांची मोजदाद ठेवून सर्वोत्तम नियमाची कसोटी कडक केली. 1897 ते 1986 या काळात सर्वोत्तम नियम या कडक कसोटीतही टिकला. पण पुढच्या 10 वर्षांच्या, निवडीच्या वेळी न वापरलेल्या डेटावर तो टिकला नाही.

धक्क्यांच्याच उदाहरणाने सांगतो. कोणत्या वारी धक्के जास्त बसतात ते शोधलंत तर सातांपैकी एक वार पहिला येणारच. मग तिथी पाहा, भरती-ओहोटी पाहा, काहीतरी “सापडेल”. आधी काय काय शोधून पाहिलं ते न सांगता फक्त सापडलेलं दाखवलं, तर ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं.

मग पेपर बाद का?

नाही. टीका करताना हात आखडता घ्यायचा नसतो, तसाच श्रेय देतानाही. हुआंग आणि सहकारी स्वतःच मान्य करतात की स्ट्रॅटेजी फायद्याची आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की आजवरच्या सरासरी परताव्याचं चिन्ह पाहून खरेदी-विक्री ठरवली, तरी जवळपास तेवढाच फायदा मिळतो आणि त्यासाठी अंदाजक्षमता असावी लागत नाही. म्हणजे पहिला दावा उभा आहे, दुसरा डळमळीत आहे.

मूळ बाजूकडेही उत्तर आहे. हर्स्ट, ऊई आणि पेडरसन यांनी 1880 पासूनचा 67 बाजारांचा डेटा तपासला आणि प्रत्येक दशकात ट्रेंड फॉलोइंगचा सरासरी परतावा धन असल्याचं दाखवलं. त्यात 1981 पूर्वीची व्याजदर चढण्याची, म्हणजे रोखे पडण्याची दशकंही येतात. त्यामुळे रोख्यांवरची माझी वरची शंका बरीचशी सौम्य होते. पण “कशाच्या तुलनेत?” हा प्रश्न त्याने पूर्ण सुटत नाही. माझं मत विचाराल तर: ट्रेंड फॉलोइंग चालतं याचा पुरावा चांगला आहे, ते का चालतं याचा पुरावा कमी आहे. आणि ‘का’ माहीत नसेल तर ते कधी थांबेल हे सांगता येत नाही.

भारतीय डेटावर करणार असाल तर

वरच्या तीन तपासण्या कराच. शिवाय दोन गोष्टी पाहा. एक, आजच्या निफ्टी 50 ची यादी घेऊन मागच्या 20 वर्षांचा बॅकटेस्ट करू नका. सत्यम जानेवारी 2009 मध्ये आणि येस बँक मार्च 2020 मध्ये निर्देशांकातून बाहेर गेली. आजच्या यादीत फक्त टिकलेले असतात, त्यामुळे निकाल आपोआप गोड लागतो. आयआयएम अहमदाबादच्या आगरवाला, जेकब आणि वर्मा यांनी भारतीय बाजाराचा मोमेंटमसह फॅक्टर डेटा हा दोष सुधारून खुला ठेवला आहे, तो वापरा.

दोन, खर्च धरा. सेबीच्या त्याच अभ्यासात 2023-24 मध्ये वैयक्तिक ट्रेडरने सरासरी 26,000 रुपये नुसत्या व्यवहारखर्चावर घातल्याचं दिसतं. कागदावर नफ्यातला नियम इथेच तोट्यात जातो.

सरावासाठी एक काम देतो. निफ्टीचे मासिक आकडे घ्या. पहिल्या रकान्यात 12 महिन्यांचा ट्रेंड नियम, दुसऱ्यात नुसतं घेऊन ठेवणं, तिसऱ्यात आजवरच्या सरासरीच्या चिन्हावर चालणारा नियम. तिन्हींना सारखंच आकारमान, सारखाच खर्च. किती वेळा काय बदलून पाहिलं ते वहीत तारखेसह लिहा. पहिला रकाना बाकी दोघांच्या पुढे गेला नाही, तर तेही प्रामाणिकपणे लिहा. गाईडने “पटलं का?” विचारलं की सारांशाऐवजी हे तीन रकाने आणि ती वही पुढे ठेवा.