दोत्रिन, पुराण आणि शाळेतील मूल

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विषय निघाला की मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या हटकून आठवतात. दूरदेशीच्या एका धर्मगुरूने आपल्या भाषेवर इतके प्रेम करावे याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्तच आहे. परंतु या अभिमानाच्या भरात ग्रंथारंभीचाच दुसरा एक प्रसंग दुर्लक्षित राहतो. आपल्या मुलांच्या शिक्षणाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे.

प्रसंग गोव्यातील सालसेतचा, म्हणजे साष्टीचा. रविवारची दोत्रिन, अर्थात ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे शिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्री-गुरूंपुढे आपले मन मोकळे करतो. दोत्रिन चांगलीच आहे, परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला, मन रमवायला दुसरे काही द्याल की नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. या मागणीतून ख्रिस्तपुराणाचा उगम झाल्याचे कवी दाखवितो. त्या श्रोत्याला धर्मतत्त्वांविषयी शंका नाही. त्याची तक्रार आहे ती रितेपणाची.

इंग्लंडमध्ये 1549 च्या सुमारास जन्मलेले आणि 1579 साली गोव्यात आलेले स्टीफन्स यांनी ही तक्रार मनावर घेतली. त्यांचे दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्यांची शिक्षणदृष्टी ध्यानात येते. एक ‘दौत्रिन क्रिस्तां’. हे प्रश्नोत्तररूप पुस्तक लोकांच्या घरच्या कोकणीत आहे. 1619 साली ते निवर्तल्यानंतर 1622 मध्ये ते रायतूर येथे छापले गेले. दुसरे 1616 साली तेथेच प्रसिद्ध झालेले ओवीबद्ध पुराण. काय मानावे हे दोत्रिन सांगते; आपण कोणत्या कथेचे वारसदार आहोत हे पुराण सांगते. चर्चला जोडलेल्या तत्कालीन पाठशाळांत मुले दोत्रिन, अक्षरओळख आणि गायन शिकत. केवळ पाठांतराने श्रद्धा रुजत नाही, तिला कथेची ओल लागते, हे त्या काळी कोणाला उमगले असेल तर ते या कवीला.

पुराण म्हणून या ग्रंथाची योग्यता मोठी आहे. आदिपुराणाचे 36 आणि देवपुराणाचे 59 अवस्वर, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रभूच्या पुनरुत्थानापर्यंतचा विस्तीर्ण पट. पण त्याहून लक्षणीय आहे ती कवीची शिक्षकवृत्ती. शुद्ध मराठी सामान्यांना कळणार नाही म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द गाळून ठिकठिकाणी लोकांच्या बोलीतील सोपे शब्द घातल्याचे तो प्रस्तावनेत सांगतो. स्वर्गाला तो निःसंकोचपणे ‘वैकुंठ’ म्हणतो. श्रोते मध्येच प्रश्न विचारतात आणि गुरू कथा थांबवून त्यांचे समाधान करतात. चांगल्या वर्गात याहून वेगळे काय घडते?

मात्र हा ग्रंथ जसाच्या तसा मुलांच्या हाती द्यावा, असे कोणी म्हणू नये. त्यात अन्य धर्मीयांच्या श्रद्धांवर आणि मूर्तिपूजेवर कठोर टीका आहे. ती त्या काळाची आणि त्या राजवटीची आहे. ज्या पुराणांच्या घाटाने कवीला वाट दिली, त्याच पुराणांचा तो अधिक्षेप करतो, ही विसंगती समीक्षकाने झाकू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली इतर धर्मांतील जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारीत नाही, अशी ग्वाही दिली. आपल्या शाळांत सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसतात. तेव्हा निवड हवी, आणि ती विवेकाने हवी.

या ग्रंथाच्या वाट्याला आलेले भोग आपल्याला शहाणपण शिकविणारे आहेत. 1684 साली गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ते तारले. 1907 मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते रोमन लिपीत छापले, 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले, 1996 मध्ये फादर कॅरिदाद द्रागो यांची आवृत्ती आली आणि 2009 मध्ये फादर नेल्सन फलकाव यांनी संपूर्ण गद्य रूपांतर दिले. ग्रंथ वाचला, तो मुलांच्या ओठी मात्र परतला नाही.

आज कोणी हुकूम काढलेला नाही. तरीही आपल्या धर्मग्रामांतील शाळा एकामागून एक इंग्रजी माध्यमाकडे वळतात, आणि धर्मशिक्षणाचा तास प्रार्थना, आज्ञा व संस्कार यांच्या पाठांतरात संपतो. प्रथम ख्रिस्तशरीर घेणाऱ्या मुलाला उत्तरे येतात, पण आपल्या श्रद्धेने चारशे वर्षांपूर्वी मराठीत ओवी गायिली होती, हे त्याला ठाऊक नसते. दोत्रिन आपण दिली. पुराण द्यायचे राहिले.

ही भाषा जुनी आहे, मुलांना कशी कळणार, असा आक्षेप येईल. महाराष्ट्रातील शाळाशाळांतून मुले ज्ञानदेवांचे पसायदान म्हणतात. प्रत्येक शब्दाचा अर्थ समजल्यावरच ती म्हणू लागतात असे नव्हे. आधी लय कानात बसते, अर्थ वयाबरोबर उकलतो. ओवी ही तर जात्यावरची, ऐकण्याची चीज. वसईत सामवेदी आणि वाडवळी बोलींतील लग्नगीते ऐकत वाढलेल्या मुलाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

म्हणून प्राथमिक शाळेसाठी या पुराणातून पन्नासेक ओव्यांची निवड व्हावी: सृष्टीची उत्पत्ती, प्रभूचा जन्म, काना गावचे लग्न. अर्थ सोप्या मराठीत, चाल शिक्षकांनी लावलेली. याच 1965 सालच्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्राने आईवडिलांना मुलांचे पहिले शिक्षक म्हटले आहे. तेव्हा सारा भार शाळेवर टाकून चालणार नाही. जपमाळेनंतर घरात चार ओव्या म्हणायला पाच मिनिटेही लागत नाहीत. मुलाने एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला आणि तो आपल्याला सांगता आला नाही, तर त्याच्यासोबत शोधावा. त्या शोधातच वारशाचे हस्तांतर होत असते.