‘साठ टक्के केळ’ म्हणजे किती?

माणसाची साठ टक्के जनुके केळीशी जुळतात, हे वाक्य विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर, व्याख्यानांत आणि आता मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत इतक्यांदा येते, की त्याबद्दल शंका घ्यावी असे कोणाला वाटत नाही. ऐकणारे हसतात, वक्ता पुढे जातो. आमचा आक्षेप एवढाच, की ही टक्केवारी कशाची, ते कोणी सांगत नाही.

टक्केवारी सांगायची तर छेद सांगावा लागतो, हे आपण गणिताच्या तासाला शिकवतोच. इथे छेद आहे तो माणसातील प्रथिने घडवणाऱ्या सुमारे २० हजार जनुकांचा. त्यांतील साधारण साठ टक्के जनुकांना केळीत ओळखू येण्याजोगा जोडीदार सापडतो, इतकाच मूळ अर्थ. हे जोडीदार एकसारखे नसतात. त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम सरासरीने ४० टक्क्यांच्या आसपासच जुळतो. शिवाय प्रथिनांची माहिती माणसाच्या डी.एन.ए.च्या जेमतेम दीड-दोन टक्के भागात असते. उरलेला बहुतेक भाग केळीच्या डी.एन.ए.शी जुळवून पाहण्यासारखाच नाही. तेव्हा ‘साठ टक्के डी.एन.ए. समान’ हे विधान सरळ चूक आहे.

आणि छेद बदलला तर? केळीचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात ३६ हजारांवर जनुके निघाली. भाताच्या जनुकसंचात (२००५, या कामात भारतीय प्रयोगशाळाही होत्या) सुमारे ३७ हजार. जनुकांच्या संख्येत धान माणसाच्या पुढे आहे, हे मुलचेऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणाऱ्या मुलांना सांगून पाहावे. केळीच्या विनोदापेक्षा ते त्यांना अधिक विचारात पाडील.

साम्य खोटे आहे, असे मात्र कोणी समजू नये. पेशीत डी.एन.ए. ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांपैकी एकाचे नाव हिस्टोन एच-४. वाटाण्यातील आणि गाईतील एच-४ची तुलना १९६९ साली प्रसिद्ध झाली. १०२ अमिनो आम्लांपैकी १०० तीच! माणसाचे एच-४ गाईसारखेच असते. वनस्पती आणि प्राणी यांचे समान पूर्वज दीडशे कोटी वर्षांपूर्वीचे. एवढ्या काळात हे प्रथिन जवळजवळ हलले नाही, कारण गुंडाळण्याचे काम दोन्हीकडे तेच आणि त्यात बिघाड झालेला जीव टिकत नाही.

दुसरे उदाहरण तर धुऱ्यावरच्या तुरीत आहे. पावसाळ्यात तुरीचे रोप अलगद उपटून मुळांवरची ताजी गाठ नखाने कापली, तर आत गुलाबी रंग दिसतो. तो लेगहिमोग्लोबिनचा. गाठीतील जिवाणू हवेतील नत्र बांधतात, पण त्यांचे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून मोकळा प्राणवायू हे प्रथिन धरून ठेवते आणि जिवाणूंना श्वसनापुरता पोचवते. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे हे दूरचे भावंड. अमिनो आम्लांचा क्रम बराच वेगळा, पण साखळीची घडी ओळखीची आणि मध्यभागी लोह असलेला हीम तोच. टक्केवारीत हे साम्य दिसतच नाही, ही त्या आकड्याची दुसरी मर्यादा.

तिसरी अधिक गंभीर आहे, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या शिक्षकांना ती नवी नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सिकलसेलमध्ये त्यांतले फक्त सहावे बदलते. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. डी.एन.ए.चे एक अक्षर बदलल्याचा हा परिणाम. साम्य ९९.३ टक्के! वाटाणा आणि गाय यांच्या एच-४मधील साम्य याहून कमी, ९८ टक्के, आणि तरी दोघांचे काम उत्तम चालते. इथे मात्र प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मुलाची हाडे दुखतात, शाळा बुडते. बदललेले जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तर हा आजार. एकाकडूनच आले तर मूल वाहक, आणि वाहक सहसा निरोगी असतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक.

केळीचा तक्ता वर्गात लावायचाच असेल, तर त्याखाली दोन ओळी लिहाव्यात : वाटाणा व गाय, १०२ पैकी १००, निरोगी साखळी व सिकलसेल साखळी, १४६ पैकी १४५. मग जास्त साम्य कुठे आणि जास्त परिणाम कुठे, ते मुलांना विचारावे. २०२३ साली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून तपासणीची कार्डे अनेक घरांत आली आहेत. ज्याच्या घरी असे कार्ड आहे, त्या मुलाला उदाहरण म्हणून वर्गात उभे करू नये.