भूप, देशकार आणि पाच गुण

एम.ए. संगीताच्या पहिल्या वर्षी मी उत्तर पाठ केलं होतं : भूप कल्याण थाटातला, देशकार बिलावल थाटातला. परीक्षेच्या आदल्या रात्री बेसाच्या खोलीत तानपुऱ्याचं ॲप लावून दोन्ही गायला बसले आणि अडकले. स्वर तेच : सा रे ग प ध. हे दोन थाट वेगळे होतात मध्यमावरून, आणि मध्यम तर दोन्ही रागांत नाहीच!

मग नोट्स ठेवून भातखंडे उघडले. 'हिंदुस्तानी संगीत पद्धती'चा पहिला मराठी खंड १९१०चा, चौथा १९३२चा. पाठ्यपुस्तकाची अपेक्षा होती, निघाला गुरू-शिष्यांचा संवाद. शिष्य शंका काढतात, गुरू मतभेद उलगडतात. भूपात गंधार वादी, वेळ रात्रीची. देशकारात धैवत वादी, वेळ सकाळची. म्हणजे राग नुसत्या स्वरांत नसतो, त्यांच्या चालीत असतो.

दहा थाटांची मांडणी मला आजही तोकडी वाटते. पण तिच्यावर शंका घ्यायला याच पुस्तकानं शिकवलं. आपण मात्र त्यातले प्रश्न गाळून उत्तरं तेवढी अभ्यासक्रमात ठेवली.

परीक्षेत पाच गुणांना तोच प्रश्न आला. मी थाट लिहिला. शंका मनातच राहिली.