बारा रकान्यांचं पान

'ट्वेन' या जर्मन नियतकालिकाचा अंक हातात घेतला की आधी भिडतो तो काळा रंग. बहुतेक मुखपृष्ठं अशीच: काळ्या पार्श्वभूमीतून पुढे आलेला एखादा चेहरा आणि वर पांढऱ्या ठसठशीत टाइपात चार रोमन अक्षरांचं नाव. तेही सगळं छोट्या अक्षरांत. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला ही चार अक्षरं फार धीट वाटली असणार. लेखांची शीर्षकंही त्याच वळणाच्या टाइपात, नावाला अगदी लगटून. वेगळं बोधचिन्ह नाही, नक्षी नाही. ओळख पटवायला तेवढं पुरतं.

१९५९ साली कोलोनहून तरुणांसाठी निघालेल्या या नियतकालिकाचा चेहरामोहरा विली फ्लेकहाउसने घडवला. तो मूळचा पत्रकार, आणि मला त्याच्या मांडणीत संपादकाची नजर सतत जाणवते. आधी काय वाचायचं, कुठे थांबायचं, हे पानच सांगतं.

खरी करामत आहे आत. मोठ्या आकाराचं पान त्याने बारा अरुंद रकान्यांत विभागलं. बारा हा आकडा फार विचाराने निवडलेला आहे. दोन-दोन रकाने जोडले की सहा होतात, तीन-तीन जोडले की चार, चार-चार जोडले की तीन आणि सहा-सहा जोडले की दोन. मुलाखत, कथा, फॅशनची पानं, प्रत्येकाला हवी तशी रुंदी मिळते. मजकुराच्या आणि छायाचित्रांच्या कडा मात्र त्याच न दिसणाऱ्या रेघांवर येऊन थांबतात. म्हणून एका पानावर बोटभर मजकूर आणि बाकी सगळी मोकळी जागा असली, पुढच्या जोडपानावर एकच चेहरा कडेपर्यंत पसरलेला असला, तरी अंक तोच वाटतो. नव्या नियतकालिकाची ओळख घडवायची तर पहिल्या अंकापासून सांगाडा असा पक्का हवा. दर अंकात त्याच जागी तीच चौकट ठेवणं मला आळस वाटतो.

छायाचित्रं तो निर्दयपणे कापायचा आणि मग भलतीच मोठी करायचा. छायाचित्रकार विल मॅकब्राइडने आपल्या गरोदर पत्नीचं, बार्बराचं, बाजूने टिपलेलं छायाचित्र १९६० मध्ये 'ट्वेन'ने छापलं. त्यातलं उघडं पोट पाहून केवढा गहजब झाला! ते छायाचित्र आज पाहताना त्यातली माया आधी दिसते.

कधी कधी लेखकाच्या मजकुरावर चित्रं कुरघोडी करतात, हेही खरं. ती तक्रार मला मान्य आहे. पण १९६३ मध्ये याच माणसाने झुरकाम्प प्रकाशनाच्या पुस्तकमालेला रूप दिलं, तेव्हा मुखपृष्ठावरून चित्रच काढून टाकलं: फक्त टाइप, काही बारीक रेघा आणि इंद्रधनुष्याच्या क्रमाने पुस्तकागणिक बदलत जाणारा रंग. ती पुस्तकं फळीवर ओळीने लावली की जांभळ्यापासून लालपर्यंतचा सगळा पट्टा उलगडतो, आणि लेखकाच्या नावाआड काहीही येत नाही.