पोथीचा घाट आणि सावकारी : मुकुंदराव पाटील यांचा उपहास

अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील तरवडी या खेड्यातून 'दीनमित्र' हे साप्ताहिक दीर्घकाळ चालविणारे मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) हे सत्यशोधक चळवळीतील एक प्रमुख लेखक होत. त्यांच्या 'कुळकर्णी लीलामृत' व 'शेटजी प्रताप' या काव्यांकडे बहुधा प्रचारसाधन म्हणूनच पाहिले जाते. तथापि त्यांच्या घाटाचा विचार केल्यास, संपत्तीच्या विषमतेवर उपहास कोठे आघात करू शकतो व कोठे अपुरा पडतो, याचा काही उलगडा होतो.

दोन्ही शीर्षके श्रीधराच्या 'शिवलीलामृत' व 'पांडवप्रताप' या ग्रंथांची आठवण करून देतात. घरोघरी व देवळात ज्या घाटातून देवाचे माहात्म्य ऐकावयाची लोकांस सवय, त्याच घाटात खतावणी लिहिणारा व कर्ज देणारा यांची स्थापना होते. एकाच्या हाती लेखणी, दुसऱ्याच्या हाती थैली. ही दोन काव्ये परस्परपूरक ठरतात ती यामुळेच. ऐकणाऱ्यास अक्षरज्ञान नसले तरी चालते, हेही या निवडीचे बळ होय.

या उपहासास स्थानिक पूर्वपीठिका आहे. मे १८७५ मध्ये सुपे येथे उसळलेला दंगा अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख सावकारांच्या खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. ती हस्तगत करून जाळण्यात आली. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. खतामागील व्यवहाराचा मूळापासून तपास करण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. दंग्याने कागद जाळला, कायद्याने तो तपासला; परंतु कागदापुढे मान तुकविण्याची वृत्ती दोहोंच्याही कक्षेबाहेर राहिली. पोथीच्या विडंबनाचा रोख नेमका तिच्यावर आहे. त्यातील अनुच्चारित सूचना एवढीच, की धनवंतास दिलेला पूज्यभाव ऋणकोने परत घ्यावा.

येथे जोनाथन स्विफ्टच्या १७२९ सालच्या 'नम्र सूचने'शी तुलना उद्बोधक ठरते. आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावी, असे तेथे हिशेबी गांभीर्याने सुचविले आहे. त्या निबंधात खलनायक असा कोणी नाही. माणसांची किंमत आकड्यांत मांडणारी विचारपद्धतीच उघडी पडते. मात्र त्याचा श्रोता सुशिक्षित वर्ग होता. मुकुंदरावांचा श्रोता स्वतः ऋणको आहे.

परंतु पोथीस एक नायक लागतो, आणि या घाटाची मर्यादाही तीच. १८७५ च्या दंग्याची कारणे केवळ सावकाराच्या स्वभावात नव्हती. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले. रोख सारा वाढला. दिवाणी न्यायालये धनकोच्या हाती बळ देत राहिली. ही कारणे एका 'शेटजी'च्या प्रतापात मावत नाहीत. व्यक्ती हास्यास्पद ठरते तेव्हा तिला उभी करणारी सारापद्धती व न्यायपद्धती दृष्टीआड होण्याचा धोका राहतो.

पुढील इतिहास या मर्यादेची साक्ष देतो. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने नष्ट झाली, आणि लीलामृताचा नायक वतनदार म्हणून उरला नाही. सावकारीवर मात्र १९४६ चा कायदा असताना महाराष्ट्रास २०१४ मध्ये नवा कायदा करावा लागला. वतन हे पद होते, ते रद्द करता आले. पतपुरवठ्याची गरज रद्द करता येत नाही. 'शेटजी प्रताप'चे मोल कमी न लेखता असे म्हणावे लागते, की त्याने धनकोचे देवपण हिरावून घेतले. ऋणकोला कर्ज का काढावे लागते, हा प्रश्न त्या घाटाबाहेरच राहिला.