ब्रिटिश पडद्यावरचा वर्णद्वेष नेहमी कालचाच का?

होरेस ओव्हे यांच्या ‘प्रेशर’मध्ये (१९७६) सुरुवातीलाच एक न्याहारी आहे. लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्हमधलं त्रिनिदादी कुटुंब. आई बेकन आणि अंडी तळतेय. लंडनमध्येच जन्मलेला धाकटा टोनी ते आवडीने खातो, तर त्रिनिदादमध्ये जन्मलेला थोरला कॉलिन त्याच्या या गोऱ्या खाण्याला नाक मुरडतो. टोनी शाळेत हुशार, त्याचं बोलणं अस्सल लंडनचं. तरी नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर समोरच्या साहेबांचे चेहरे बदलतात आणि गोड बोलून त्याची बोळवण होते. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या पैशातून तो झाला आणि पोलिसी मारहाणीच्या दृश्यांमुळे काही काळ अडकूनही पडला. ओव्हे मागच्या पिढीचं दुःख सांगत बसले नव्हते. ते दाखवत होते ते त्या घडीला त्याच रस्त्यांवर चालू होतं, म्हणून तर ते झोंबलं.

‘ईस्ट इज ईस्ट’मध्ये (१९९९) बेकन पुन्हा येतं. साल १९७१, गाव सॅलफर्ड. पाकिस्तानी जॉर्ज खान यांचं चिप्सचं दुकान, इंग्लिश बायको आणि सात मुलं. बाप घरात नसताना पोरं चोरून बेकन-सॉसेज तळतात आणि त्याची चाहूल लागताच वास घालवण्यासाठी जी धांदल उडते, तिला थिएटर खदखदून हसतं. मराठी ‘घाशीराम कोतवाल’मधून पडद्यावर आलेले ओम पुरी इथे जॉर्जचा धाक आणि त्याची केविलवाणी अवस्था एकाच नजरेत दाखवतात. अयूब खान-दीन यांचं लेखन प्रामाणिक आहे, बापाचा हात बायकोवर उठतो तेव्हा ते काहीही झाकत नाहीत. पण घराबाहेरचा द्वेष मात्र पॉवेलभक्त म्हाताऱ्या शेजाऱ्यापुरता आणि विनोदापुरता उरतो. एनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं १९६८ मध्ये. ३१ वर्षांनी त्याची धग प्रेक्षकाला लागत नाही.

ब्रिटनमधल्या वांशिक नात्यांवरचे गेल्या पंचवीसेक वर्षांतले सिनेमे ओळीने पाहिले की हा कल स्पष्ट दिसतो. अभिनय कसलेला, संगीत नेमकं, निर्मिती देखणी. फक्त वर्णद्वेष जुना. बेलबॉटम आणि टेपरेकॉर्डरच्या काळातला. प्रेक्षक हळहळतो आणि आपण किती सुधारलो, या समाधानात घरी जातो. मला हा दोष एखाद्या दिग्दर्शकाचा वाटत नाही. पैसा कोणत्या गोष्टीला मिळतो, त्याचा हा परिणाम आहे.

कारण असं नेहमी नव्हतं. १९८१ च्या एप्रिलमध्ये लंडनचं ब्रिक्स्टन दंगलीत पेटलं, नोव्हेंबर १९८२ मध्ये चॅनेल फोर सुरू झालं, आणि तोवर ज्यांना कोणी विचारलं नव्हतं अशांना सांगण्यासाठी या वाहिनीने पैसे दिले. हनीफ कुरेशी यांनी तिशीत लिहिलेला ‘माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट’ (१९८५) त्यातूनच आला. स्टीफन फ्रिअर्सनी तो टीव्हीसाठी म्हणून चित्रित केला. लॉन्ड्रीच्या उद्घाटनाचा प्रसंग आठवा. बाहेर सईद जाफरींचा नासर आपल्या गोऱ्या मैत्रिणीबरोबर नाचतोय आणि एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या काचेमागे त्याचा पुतण्या ओमर जॉनीच्या मिठीत आहे. जॉनी कोण? कधीकाळी स्थलांतरितांविरुद्धच्या मोर्चात चाललेला पोरगा. पाकिस्तानी घरमालक गोऱ्यांना रस्त्यावर काढतो आणि थॅचरबाईंच्या राज्यात पैसा कमावणं हेच नागरिकत्व ठरतं, हे कुरेशी कोणाचीही भीड न ठेवता दाखवतात. आपल्या समाजाची चांगली बाजू दाखवायची जबाबदारी त्यांनी घेतलीच नाही. ओमर ब्रिटिश आहे की नाही, हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. तो इथलाच आहे हे धरून पुढे जातो.

त्याच वाहिनीच्या आधाराने ब्लॅक ऑडिओ फिल्म कलेक्टिव्हने ‘हँड्सवर्थ साँग्ज’ (१९८६) केला. जॉन अकोम्फ्रा यांनी हँड्सवर्थच्या दंगलीची ताजी दृश्यं आणि जुनी वृत्तचित्रं एकमेकांत गुंफली. सलमान रश्दींनी ‘गार्डियन’मध्ये त्यावर कडक टीका केली: भाषा घासून गुळगुळीत झालेली, माणसांच्या स्वतःच्या गोष्टी ऐकू येत नाहीत. संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी उत्तर दिलं की, नवी भाषा घडवण्याची धडपड रश्दींना दिसलीच नाही. मी हॉल यांच्या बाजूचा. पण त्या वादाचं मोल कोण जिंकलं यात नाही. धूर विरायच्या आत हातात आलेल्या एका माहितीपटावर दोन मोठी माणसं अशी तावातावाने भांडत होती.

गुरिंदर चढ्ढा यांची वाट या बाबतीत बोलकी आहे. ‘भाजी ऑन द बीच’मध्ये (१९९३) बायकांची सहल ब्लॅकपूलला निघते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेली तरुण आई, काळ्या मित्रापासून दिवस गेलेली कॉलेजकन्या, आणि त्यांना नावं ठेवणाऱ्या काक्या, सगळ्या एकाच मिनीबसमध्ये. रस्त्यावरच्या गोऱ्या टोळक्याची शिवीगाळ आणि काक्यांचा काळ्यांबद्दलचा द्वेष सिनेमा एकाच मापाने मोजतो. मीरा स्याल यांच्या लेखणीचं ते धैर्य आजही ताजं आहे. ‘बेंड इट लाइक बेकहम’ (२००२) आपल्याकडेही गाजला. ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’पर्यंत (२०१९) येईतो मात्र चढ्ढा १९८७ च्या लूटनमध्ये जातात. मुलीच्या लग्नाच्या दिवशी वर्णद्वेषी नॅशनल फ्रंटचा मोर्चा आडवा येतो, बापाला मार बसतो, आणि शेवटी अमेरिकी गायक स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांच्या साथीने सगळं सांधलं जातं. सिनेमा गोड आहे. मला तो फार लवकर माफ करणारा वाटतो.

भूतकाळात जाऊनही प्रेक्षकाची सुटका न करणारा सिनेमा करता येतो, हे स्टीव्ह मॅक्वीन यांनी ‘स्मॉल ॲक्स’ या पाच चित्रपटांतून (२०२०, बीबीसी) सिद्ध केलं. ‘लव्हर्स रॉक’मध्ये घरगुती पार्टीत रेकॉर्ड संपते, तरी माणसं वाद्यांशिवाय गातच राहतात, कितीतरी मिनिटं, घामाने ओल्या भिंतींना टेकून. कोणालाही काही समजावून सांगणं नाही. ‘रेड, व्हाइट अँड ब्लू’मधला लिरॉय लोगन आतून बदल घडवायला पोलिसात जातो. शेवटी बापलेक टेबलाशी पीत बसतात आणि हा बदल घडेल का, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही.

इतिहासपटांत वर्ण न पाहता सरसकट कोणालाही कोणतीही भूमिका द्यायची, हा अलीकडचा दुसरा मार्ग. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ झालेला देव पटेल लोभस आहे आणि कलाकारांना काम मिळतं हे उत्तमच. पण रंग दिसेनासा केला की रंगावरून घडणाऱ्या गोष्टीही सांगायच्या राहतात.

आजचा काळ सापडतो तो रिझ अहमदच्या ‘द लाँग गुडबाय’मध्ये (२०२०, दिग्दर्शक अनील करिया). इथेही घरात लग्नाची तयारी आहे: नाच, चिडवाचिडवी, गडबड. मग गाड्या येऊन थांबतात. बुरखे चढवलेली सशस्त्र माणसं घरात घुसून सगळ्यांना फरफटत बाहेर काढतात. शेजारी बघत राहतात. इथे सांधायला कुठलं गाणं येत नाही. रिझ थेट कॅमेऱ्यात बघून बोलू लागतो आणि ते बोलणं ऐकवत नाही. याला ऑस्कर मिळालं. पण तो जेमतेम बारा मिनिटांचा लघुपट आहे. वर्तमानाच्या वाट्याला एवढंच आलं.

अपवाद आहेत. सारा गॅव्हरन यांच्या ‘रॉक्स’मधल्या (२०१९) हॅकनीच्या शाळकरी मुली एकमेकींच्या घरातला धर्म, भात, ओढणी, केस सगळं गृहीत धरून जगतात. आई निघून गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळणारी रॉक्स हा कोणत्याही समाजाचा नमुना नाही, ती एक मुलगी आहे. केन लोच यांनी ‘द ओल्ड ओक’मध्ये (२०२३) डरहॅमच्या खाणगावात आलेली सीरियन कुटुंबं दाखवली, तीही गावाच्या हलाखीकडे पाठ न फिरवता.

दरम्यान विंडरश प्रकरणात कॅरिबियनमधून येऊन आयुष्य ब्रिटनमध्ये काढलेल्या माणसांकडे सरकारने कागद मागितले आणि २०१८ मध्ये गृहमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टच्या हत्याकांडानंतर अफवा पसरल्या आणि रॉदरहॅमजवळ आश्रय मागणाऱ्यांच्या हॉटेलला आग लावण्याचा प्रयत्न झाला. त्या आठवड्यात दुकानाचं शटर ओढून आत बसलेल्या घराची गोष्ट लिहिणारा तिशीतला कोणी ब्रॅडफर्डमध्ये किंवा लेस्टरमध्ये असेलच. चॅनेल फोरने कुरेशींवर टाकला तसा विश्वास त्याच्यावरही टाकला पाहिजे, आणि ती गोष्ट १९७९ मध्ये नेऊन ठेव, असं त्याला कोणी सांगता कामा नये.