नकाशावरचे रंग आणि माणसाची गोष्ट : ‘सॅन अँड्रियास’ या व्हिडिओ गेमविषयीच्या समीक्षेचा विचार

प्रास्ताविक

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा गुन्हेगारी कथानकावर आधारलेला व्हिडिओ गेम ऑक्टोबर २००४ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आणि जून २००५ मध्ये संगणकासाठी प्रकाशित झाला. एडिनबरो येथील रॉकस्टार नॉर्थ या संस्थेने तो तयार केला. भारतात त्याच्या नकली सीडी सर्रास मिळत असल्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक पिढी या खेळाशी चांगली परिचित झाली. अध्यापकवर्गातील चर्चा मात्र ‘अशा खेळांमुळे मुले बिघडतात’ या विधानापुढे फारशी गेली नाही. या खेळाविषयी जी भिन्न मते मांडली गेली त्यांचा परामर्श घेणे आणि वडोदऱ्यासारख्या शहरातील अध्यापकाच्या दृष्टीने त्यांतून निर्माण होणारा प्रश्न स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथानकाचे स्वरूप

खेळाचा काळ १९९२ हा आहे. कार्ल जॉन्सन हा कृष्णवर्णीय तरुण पाच वर्षांनी आईच्या अंत्यसंस्कारासाठी लॉस सँटोस या शहरात परततो. हे काल्पनिक शहर लॉस एंजेलिसच्या धर्तीवर बेतलेले आहे. विमानतळावरून येतानाच टेनपेनी हा भ्रष्ट पोलीस अधिकारी त्याला एका खुनात अडकवण्याची धमकी देतो. भाऊ स्वीटशी मतभेद, जिवलग मित्रांनी केलेला विश्वासघात आणि मोडकळीस आलेली वस्ती यांतून कथानक पुढे सरकते. शेवटी टेनपेनी न्यायालयातून सुटतो आणि शहरात दंगल उसळते. रॉडनी किंग याला मारहाण करणारे पोलीस २९ एप्रिल १९९२ रोजी निर्दोष ठरल्यानंतर लॉस एंजेलिसमध्ये जी दंगल झाली व जीत साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तिचे हे उघड प्रतिबिंब होय.

समीक्षेचे तीन प्रवाह

पहिला प्रवाह नैतिक आक्षेपाचा. खेळात दडवलेला अश्लील भाग २००५ मध्ये उघडकीस आल्यावर अमेरिकेत त्याचे वयोमानांकन बदलून तो केवळ प्रौढांसाठी ठरवण्यात आला आणि ऑस्ट्रेलियाने त्याची मान्यताच काढून घेतली. हिंसेच्या दुष्परिणामांविषयीही बरेच लिहिले गेले. परंतु अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. अशा खेळांमुळेच मुले आक्रमक होतात हा कार्यकारणसंबंध सादर केलेल्या संशोधनातून सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरा प्रवाह प्रशंसेचा. विस्तीर्ण भूप्रदेश, हवे तेव्हा हवे तिकडे जाण्याची मुभा आणि कादंबरीसारखे दीर्घ कथानक यांचे परीक्षकांनी मनापासून स्वागत केले.

तिसरा प्रवाह अभ्यासकांचा असून तो अधिक उपयुक्त आहे. गोंझालो फ्रास्का यांनी याच मालिकेतील आधीच्या खेळावर २००३ मध्ये लेख लिहिला. खेळाडूला काय करता येते आणि काय करता येत नाही यावरून खेळाचा अर्थ ठरतो, ही त्यांची मूळ भूमिका आहे. इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात, खेळाचे नियम हाच एक युक्तिवाद असतो, असा सिद्धान्त मांडला. कार्लला अंगात ताकद टिकवण्यासाठी खावे लागते आणि त्याच्या गरीब वस्तीत प्रामुख्याने बर्गर, पिझ्झा, तळलेले चिकन हेच मिळते. गरिबीमुळे निवडीला पडणारी मर्यादा येथे संवादातून सांगितलेली नाही. खेळाडू ती नियमांतून अनुभवतो.

कथा एक सांगते, नियम दुसरे

हीच कसोटी खेळातील टोळ्यांना लावली असता एक विसंगती दिसते. लॉस सँटोसच्या नकाशावर टोळ्यांच्या हद्दी रंगांनी दाखवलेल्या आहेत : कार्लच्या टोळीचा हिरवा, बल्लासचा जांभळा, व्हॅगोसचा पिवळा. यांतील व्हॅगोस ही मेक्सिकन वंशाच्या लोकांची टोळी आहे. समोरच्या टोळीची माणसे मारून तीन हल्ले परतवले की वस्तीचा रंग बदलतो व तिच्यापासून पैसे मिळू लागतात. कथानकाचा शेवट गाठण्यासाठी अशा वस्त्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक वस्त्या ताब्यात असाव्या लागतात. ज्या स्वातंत्र्याची एवढी स्तुती झाली, ते या ठिकाणी संपते. तह करणे, शेजार राखणे, वस्ती सामायिक ठेवणे हे पर्याय खेळाडूला दिलेलेच नाहीत.

कथानक मात्र याहून उदार आहे. कार्लची बहीण केंडल ही मेक्सिकन वंशाच्या सीझरवर प्रेम करते. स्वीटचा त्याला विरोध असतो, पण पुढे तोच सीझर कार्लचा सर्वांत भरवशाचा साथीदार ठरतो. चिनी वंशाचा वू झी मू हाही संकटकाळी कार्लच्या पाठीशी उभा राहतो. अर्थात कथेत माणसाला नाव, घर आणि भूतकाळ आहे, तर नियमांत समुदायाला फक्त रंग आहे. दंगलीच्या प्रसंगीही हेच घडते. अन्यायाविरुद्धचा संताप हे दंगलीचे कारण कथानक सांगते, पण खेळाडूपुढे येतात त्या केवळ जळत्या गाड्या, लुटालूट आणि जिंकायच्या वस्त्या.

हा आक्षेप काल्पनिक नव्हे. याच मालिकेतील ‘व्हाइस सिटी’ (२००२) या खेळातील हैतीच्या लोकांना मारण्याविषयीच्या वाक्याला अमेरिकेतील हैतीवंशीयांनी २००३ मध्ये तीव्र विरोध केला. त्यानंतर पुढील प्रतींमधून ते वाक्य वगळण्याचे कंपनीने मान्य केले. वाक्य वगळले गेले, पण समुदाय म्हणजे टोळी ही रचना ‘सॅन अँड्रियास’मध्येही कायम राहिली.

वडोदऱ्याच्या संदर्भात

वडोदऱ्यातील वाचकाला रंगवलेला नकाशा अपरिचित नाही. रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या अलकापुरीत दुकाने, बँका व कार्यालये यांनिमित्त शहराच्या सर्व भागांतून लोक येतात. तेथे एकाच रांगेत उभ्या असलेल्या दोन तरुणांपैकी एकाने ‘तांदळजा’ हा पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा धर्म, स्वभाव आणि वृत्ती यांविषयीचे अंदाज तयार होतात. दंगलीच्या भीतीने लोकांना घरे मातीमोल भावाने विकावी लागू नयेत, हा गुजरातच्या १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्याचा घोषित उद्देश होता. वडोदऱ्याच्या काही भागांना तो लागू झाला. घराच्या व्यवहारास जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली आणि वस्त्यांचे विभाजन त्यामुळे अधिक घट्ट झाले, अशी टीका होत आली आहे. २०२४ मध्ये हरणी भागातील सरकारी आवास योजनेत एका मुस्लिम कुटुंबाला मिळालेल्या घराला शेजाऱ्यांनी विरोध केल्याचे वृत्तही सर्वांनी वाचले आहे.

याचा दोष एखाद्या व्हिडिओ गेमवर टाकणे हास्यास्पद होईल. खेळ येण्याच्या कितीतरी आधीपासून हा नकाशा अस्तित्वात होता. परंतु २००२ चा हिंसाचार लहानपणी पाहिलेल्या विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षांनी संगणकावर वस्त्यांचे रंग बदलले असतील, तर त्या दोन अनुभवांविषयी त्याच्याशी कोणी बोलले होते काय, हा प्रश्न अध्यापकांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

समारोप

बंदीची मागणी करणाऱ्यांनी खेळातले रक्त पाहिले आणि प्रशंसकांनी त्याचा विस्तार पाहिला. नकाशाकडे दोघांचेही दुर्लक्ष झाले. मुस्लिम समाजाच्या शिक्षणसंस्थांतील अध्यापकांना हे दुर्लक्ष परवडणारे नाही, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना नकाशावरचा एक रंग म्हणून पाहिले जाण्याचा अनुभव रोजचा आहे. वर्गात कादंबरी शिकवताना पात्राच्या कृतीमागील कारणे विचारली जातात. तशीच पद्धत येथेही वापरता येईल. या खेळात कोणाला नाव आहे आणि कोणाला फक्त रंग? कोणती कृती करता येते आणि कोणती करता येत नाही? हे प्रश्न विचारण्याची सवय लागलेला विद्यार्थी वर्तमानपत्रातील बातमी आणि निवडणुकीतील भाषणही त्याच दृष्टीने वाचू शकेल. तसेच शेजारच्या वस्तीविषयीचे स्वतःच्या मनातील रंगही त्याला तपासून पाहावे लागतील.